काय हुडकायलाय?

मोबाइलवरचा बाण फिरत होता आणि आकडा चार मीटरवर येऊन अडकला होता. चार मीटर म्हणजे तेरा फूट. माझी सव्वादोन वर्षांची नात त्याच्याही अलीकडे, वाटेच्या मधोमध उकिडवी बसून मुंगळ्यांची रांग बघत होती. लेक करवंदीच्या जाळीत काठी घालून चाळवत होती, जावई एकाच दगडाला तिसरी प्रदक्षिणा घालत होते आणि मी पाण्याची बाटली, टोपी नि खाऊची पिशवी धरून उभा. काकतीच्या टेकडीखालच्या त्या वाटेनं शेळ्या घेऊन येणारे एक बाबा आमच्यापाशी थांबले. जरा वेळ बघून त्यांनी विचारलं, "काय हुडकायलाय हो?"

"डबा," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"माझाच. सकाळी मीच ठेवून गेलो होतो."

"मग सापडंना व्हय?"

याला उत्तर नव्हतं. चाळीस वर्षं भूमापन खात्यात साखळी ओढलेल्या माणसाला स्वतः ठेवलेला डबा सापडत नाही, हे त्या बाबांना सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

या खेळाचं नाव जिओकॅशिंग. लेक इंग्लंडात राहते, तिथल्या एका जुन्या खेड्यात. गेल्या साली मी दोन महिने तिच्याकडे होतो, तेव्हा दर रविवारी आमची वरात या खेळासाठी निघायची. कुणीतरी एक डबी लपवलेली असते, तिचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना सांगितलेले असतात. मोबाइल घेऊन चालत जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि होती तशी लपवून ठेवायची. डबा मोठा असेल तर आत लहानसहान वस्तू असतात. त्यातली एखादी घ्यायची, पण तितक्याच मोलाची आपली एक ठेवायची. बाकी काही नाही. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही.

हे सुरू कसं झालं, ते मला माझ्या जुन्या धंद्यामुळे फार आवडलं. उपग्रहांवरून जागा सांगणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकी लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात ते मुद्दाम चूक मिसळत, म्हणून जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. मे २००० च्या सुरुवातीला अध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारनं ती मिसळ बंद केली आणि एका रात्रीत यंत्रं नेमकी झाली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली अर्धवट पुरली आणि तिचा पत्ता आकड्यांत जाहीर केला. आत पुस्तकं, चित्रफिती, एक गलोल, शिवाय घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा होता. माइक टीग यांना ती तीन दिवसांच्या आत सापडली. आज जगभर असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत. गंमत म्हणजे ज्या खेळाचा पहिला डबा पुरलेला होता, त्या खेळात आता जागामालकाच्या परवानगीशिवाय डबा जमिनीत पुरायला मनाई आहे.

इंग्रजांना मात्र यात नवं काही वाटलं नसावं. डेव्हन परगण्यातल्या डार्टमूर या ओसाड माळरानावर क्रॅनमिअर पूल नावाची एक दलदलीची जागा आहे. जेम्स पेरट हा वाटाड्या लोकांना तिथवर नेत असे. १८५४ साली त्यानं तिथं एक बाटली ठेवली. इथवर आलेल्यानं आपलं नावाचं कार्ड आत टाकायचं. त्या एका बाटलीपासून डार्टमूरवर पेट्या लपवण्याची परंपराच पडली. प्रत्येक पेटीत एक रबरी शिक्का असतो. तो आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का तिथल्या वहीत.

आता साखळीची गोष्ट. मुंबई इलाख्यात जमीन मोजायची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे क्लिंटनसाहेबांच्या आधीच्या जीपीएसची चूक दहा साखळ्यांची होती. आमच्या खात्यात एवढ्या चुकीला घरी बसवला असता. जिओकॅशिंगचा एक नियम असा की दोन डब्यांत किमान ५२८ फूट अंतर हवं. जावयांनी हा आकडा सांगितला आणि मी मनातल्या मनात ३३ ने भागलं. बरोबर सोळा साखळ्या. साखळीचे सोळा आणे नि अंतराच्या सोळा साखळ्या. दोन्हींचं मूळ इंग्रजी मैलात आहे, एवढाच त्याचा अर्थ. तरी त्या दिवशी मी फार खूश होतो.

लेकीच्या खेड्यात हा खेळ जमतो, त्याचं एक कारण वाट. तिथं लोकांना शेतातून, कुरणातून चालत जायचा कायदेशीर हक्क आहे. १९४९ च्या कायद्यानं अशा पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. नकाशात वाट असली की शेतमालकानं ती बुजवायची नाही. कुंपण आलं की ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात. बाबागाडी मात्र तिथं निरुपयोगी. पहिल्याच कुंपणाला ती डोक्यावर घ्यावी लागली आणि पुढच्या रविवारपासून नात पाठुंगळी. आमच्याकडे पाणंद आहे, बांधावरची वाट आहे, वहिवाटीचा हक्क आहे आणि त्या हक्कापायी चाललेले दावेही आहेत. दर पावसाळ्यात दोन्ही बाजूंचे नांगर पाणंदीला एकेक वीत खातात. मी मोजलेल्या पाणंदी आज कुठं गेल्या, हे न विचारलेलं बरं.

दुसरं कारण, तिथं कुणी काही विचारत नाही. चर्चच्या भिंतीलगत चार माणसं वाकून दगडांच्या फटीत बोटं घालताहेत आणि कुत्रं फिरवणारी बाई "सुंदर सकाळ" म्हणून निघून जाते. त्या फटीत आम्हाला सापडली ती कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी काळी डबी. जुन्या चर्चच्या आसपास अशा डब्या लपवण्याची इंग्लंडात एक मालिकाच आहे. खेळ ठाऊक नसलेल्यांना हे लोक हॅरी पॉटरमधला शब्द वापरून 'मगल' म्हणतात, आणि मगलांच्या नकळत डबी काढणं ही यातली कला. कधी तेही अंगाशी येतं. २०११ च्या जुलैत यॉर्कशरमधल्या वेदर्बी गावात एका कॅफेबाहेर कुणीतरी डबी लपवताना दिसला, लोकांना बॉम्ब वाटला, रस्ता रिकामा केला आणि लष्कराच्या पथकानं ती डबी उडवून दिली.

काकतीत तर सगळं गावच मगल, आणि नकळत काही करायची सोय नाही.

काकती बेळगावच्या उत्तरेला सात-आठ किलोमीटरवर, निपाणीकडे जाणाऱ्या महामार्गाला लागून. पुढं वंटमुरीचा घाट. गावामागं टेकडी, टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष, जवळून मार्कंडेय नदी. कित्तूरची राणी चन्नम्मा १७७८ साली इथल्या देसाई घराण्यात जन्मली. तिची गोष्टही एका अर्थी पेटीचीच. १८२४ मध्ये मुलगा वारल्यावर घेतलेलं दत्तक कंपनीनं नाकारलं आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या खजिन्याला सील ठोकायला निघाला. त्या वर्षी २३ ऑक्टोबरला कित्तूरच्या सैन्यानं त्याला ठार केलं. 'व्हॅनिटी फेअर' लिहिणारा कादंबरीकार थॅकरे याचा पुतण्या. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परतले, कित्तूर पडलं, आणि चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असताना २ फेब्रुवारी १८२९ रोजी वारली.

तेव्हा आमच्या भागात जुन्या दगडापाशी वाकलेला माणूस दिसला की बघणाऱ्याच्या मनात एकच शब्द येतो: गुप्तधन. तो उगाच येत नाही. या पट्ट्यात पडक्या देवळांतले नंदी उलथून टाकलेले, वीरगळ मुळापासून उपटलेले, गाभाऱ्यात खड्डा मारलेला मी नोकरीत किती वेळा पाहिलाय. अमावास्येची रात्र, लिंबू, कोंबडा, नाहीतर त्याहून वाईट. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात आणि कर्नाटकाच्या २०१७ च्या कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यातच सगळं आलं. इंग्रजांनी १८७८ साली गुप्तधनाचा कायदा केला. त्यात म्हटलंय की जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं. माझ्या डब्यात बेडकाचं एक खेळणं, दोन काचेच्या गोट्या, पेन्सिल आणि वही होती. ऐवज दहा रुपयांच्या वर जातो, पण डबा पुरला नव्हता, म्हणून मी सुटलो.

लपवायची जागा शोधताना मी पहिल्यांदा किल्ला वगळला. पडक्या तटाच्या फटीत डबा ठेवायचा म्हणजे उद्या कुणीतरी पहार घेऊन त्याच फटीत शिरणार. देऊळ वगळलं. दगडाखालची जागाही वगळली, कारण आमच्या माळावर दगडाखाली फुरसं असतं, विंचू असतो. इंग्लंडात नातीच्या हाताला खाजरी वनस्पती लागली तर शेजारचंच एक रुंद पान चोळून काम भागलं होतं. इथं लहान मुलाला "दगडाखाली हात घाल" म्हणणं म्हणजे वेडेपणा. शेवटी कंबरेएवढ्या उंचीवर, एका झाडाच्या दुबेळक्यात, समोरून उघड दिसेल असा डबा बसवला. आकडे तीनदा घेतले, तिन्हींची सरासरी काढली.

तोच डबा आता जागेवर नव्हता.

शेळ्यांचे बाबा म्हणाले, "त्यो काय की तिकडं बांधावर."

पंधरा-वीस पावलांवर, हद्दीच्या दगडावर, लख्ख उन्हात माझा डबा ठेवलेला होता. वाऱ्यानं पडू नये म्हणून झाकणावर एक खडा. "कुणाचा तर जेवणाचा डबा ऱ्हायलाय म्हणून बाईनं वर ठेवला. दिसाय नको व्हय?"

मी त्या खड्याकडे बघतच राहिलो. सापडलेली वस्तू मालकाला दिसेल अशी उंचावर ठेवायची, ही आमच्या शेतांतली जुनी रीत. विळा राहिला तर झाडाला अडकवतात, पोराची चप्पल सापडली तर कुंपणाच्या खांबावर. जिओकॅशिंग बरोबर उलट्या रीतीवर चालतं: सापडलं की पुन्हा लपव. जिथं हरवलेलं उघड्यावर ठेवतात तिथं हा खेळ मुळापासूनच चालायचा नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

नातीला अर्थात कशाचंच काही नव्हतं. तिनं डबा उघडला, बेडूक घेतला, बदल्यात मुंगळ्यांच्या रांगेतून उचललेली करवंदीची एक काटकी आत टाकली. लेकीनं वहीत तारीख लिहिली, त्यापुढं नातीनं पेन्सिलनं एक गोल ओढला. तिथल्या खेड्यातही तिनं असंच केलं होतं. वहीतल्या सह्या हे मोठ्यांचं काम. लहान मूल चार पावलं चालतं आणि मधेच बसतं. पण तिच्या उंचीवरून जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही, हे मात्र मी त्या दिवशी परतताना पाहिलं. पाणंदीत एका बांधाला टेकून एक झिजलेला वीरगळ आहे. अर्धा जमिनीत, कुणी कधी बैल बांधलेला. मी त्याच्याजवळून शेकडो वेळा गेलोय. ती थांबली, बोट टेकवलं आणि म्हणाली, "चांदोबा."

खरंच चंद्र होता. वीरगळाच्या माथ्यावर एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चंद्रकोर कोरलेली असते. ते दोघं आहेत तोवर या वीराचं नाव राहो, असा त्याचा अर्थ. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला तो. इथलं खालचं सगळं मातीत गेलंय. पण कोर तिच्या डोळ्यांच्या बरोबर समोर होती. मी खाली बसलो तेव्हाच मला दिसली.

म्हणून आता आमचा डबा काकतीच्या माळावर जात नाही. दिवाळीत बेळगाव भागातली पोरं अंगणात मातीचे किल्ले बांधतात. गल्लीगल्लीत बुरूज, भुयारं, वर पेरलेल्या मोहरीचे कोंब. आमच्या गल्लीतल्या पोरांच्या किल्ल्यात मी यंदा एक भुयार मागून घेतलंय. डबा तिथं आहे, झाकण दिसेल असा. माळावर जायचं ते रिकाम्या हातानं, असलेलं बघायला: हद्दीचे दगड मोजायचे, वीरगळाचा चांदोबा, मार्कंडेयाच्या काठचे बगळे. नात दमली की भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात.

लेक पुढच्या आठवड्यात परत जाईल. तिच्या मोबाइलवर मी एक जागा खुणेची करून दिलीय: ५१.५१९४ उत्तर, ०.१२७० पश्चिम. लंडनचं ब्रिटिश म्युझियम. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, रट्ट राजांच्या अमदानीत, १२०४ च्या सुमाराला त्यांचा मंत्री बीचिराजा यानं बांधली. त्याच सुमाराचे, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळचे, शके ११२७ चे, बेळगावचे दोन कानडी शिलालेख त्या म्युझियमच्या संग्रहात आहेत. ते अजून आपल्या मूळ जागी परत आलेले नाहीत.