निबंधाची बांधणी

शाळा संपवून विद्यापीठांत गेलेल्या मुलामुलींची एक तक्रार अलीकडे बऱ्याच घरांतून ऐकूं येते. शाळेंत त्यांच्या निबंधांस उत्तम गुण मिळत. विद्यापीठांत मात्र अध्यापक समासांत शेरा मारतात कीं, माहिती पुष्कळ आहे, परंतु लेखकाचें म्हणणें काय तें कळत नाहीं. मुलगी पुण्यास शिकत असो कीं लंडनास, शेरा बहुधा हाच. वडील मंडळींस वाटतें, मुलीचें इंग्रजी कच्चें राहिलें. म्हणून कोणी शब्दकोश आणून देतात, तर कोणी शिकवणी लावतात. आमच्या मतें येथें उणीव शब्दांची नाहीं, बांधणीची आहे. बांधणी ही कांहीं उपजत देणगी नव्हे. ती शिकवितां येते व शिकतां येते, आणि तिचे नियम आपल्या घरांतील जुन्या पोथ्यांतही सांपडतात. त्यांचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

शाळेंतील निबंध म्हणजे 'पावसाळ्यांतील एक दिवस', 'फाटक्या पुस्तकाचें आत्मवृत्त' किंवा 'विज्ञान : शाप कीं वरदान'. पहिल्या दोहोंत वर्णन आणि कल्पना यांनीं काम भागतें. तिसऱ्यांत वाद आहे खरा. परंतु मुलें पूर्वार्धांत शाप सांगतात, उत्तरार्धांत वरदान सांगतात आणि शेवटीं 'सर्व कांहीं वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' असें म्हणून मोकळीं होतात. अशा वह्या तपासण्यांत आमचें आयुष्य गेलें आहे, आणि त्या वयास तेवढें पुरेंही आहे. विद्यापीठ मात्र पुढचें विचारतें : दोन्ही बाजू पाहून तुमचा निर्णय काय, आणि तो आम्हीं कां मानावा?

'निबंध' ह्या शब्दाचा जुना अर्थ ध्यानांत घेतला तर हें नवल वाटणार नाहीं. धर्मशास्त्रांत निबंध म्हणजे विखुरलेलीं वचनें एकत्र बांधून त्यांचा निकाल लावणारा ग्रंथ. काशींत राहणाऱ्या कमलाकरभट्टांनीं १६१२ सालीं पुरा केलेला निर्णयसिंधु हा त्यांतलाच एक. एका वचनांत एक सांगितलें आहे, दुसऱ्यांत नेमकें उलट. मग व्रत करावयाचें तें कोणत्या दिवशीं? नुसतीं वचनें गोळा करून दिलीं असतीं, तर यजमान होता तेथेंच राहिला असता. ग्रंथाच्या नांवांतच 'निर्णय' हा शब्द आहे, तो उगीच नव्हे.

निर्णयाकडे जाण्याची वाट मीमांसकांनीं आंखून दिली आहे. त्यांच्या ग्रंथांतील एकेका प्रकरणास अधिकरण म्हणतात, आणि त्याचीं अंगें पांच : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व निर्णय. तेराव्या शतकांत पॅरिस येथें शिकविणाऱ्या थॉमस अक्वायनस ह्या ख्रिस्ती पंडिताच्या महाग्रंथाची रचनाही पुष्कळशी अशीच आहे : आधीं प्रश्न, मग आक्षेप, मग स्वतःचें उत्तर आणि शेवटीं एकेका आक्षेपाचें समाधान. एकमेकांच्या ग्रंथांशीं परिचय नसलेल्या दोन परंपरा एकाच वाटेस लागल्या, ह्याचें कारण उघड आहे. वाचकाच्या मनांत शंका ज्या क्रमानें उठतात, त्याच क्रमानें त्यांस उत्तर मिळालें पाहिजे. निबंधाची बांधणी म्हणजे हा क्रमच होय; बाकीचे नियम त्यांतून निघतात.

आमचे विद्यार्थी अडखळतात ते पहिल्या पायरीवर. विषय मिळाला म्हणजे संशयही मिळाला, असें ते समजतात. 'महाराष्ट्रांतील दुष्काळ' हा विषय झाला. त्यावर पानेंच्या पानें लिहितां येतील आणि त्यांतून कांहीं निष्पन्न होणार नाहीं. 'सन १९७२-७३ च्या दुष्काळांत माणसें जगलीं तीं मुख्यतः धान्य पुरविल्यामुळें, कीं सरकारी कामांवर मजुरी मिळाल्यामुळें?' हा संशय झाला. आतां कोणतें पुस्तक वाचावें, कोणते आंकडे घ्यावे व कोणते सोडावे, हें तो प्रश्नच सांगूं लागतो. संशय एका वाक्यांत मांडतां येईपर्यंत लिहावयास बसूं नये, हा आमचा पहिला नियम.

दुसरी पायरी पूर्वपक्षाची. आपल्या मताविरुद्ध जें म्हणतां येईल तें दुबळें करून सांगावें, म्हणजे खोडून काढण्यास सोपें जातें, असा मोह सर्वांस होतो. शास्त्रकार ह्याच्या उलट करीत. पूर्वपक्ष ते इतक्या ताकदीनें मांडीत कीं, नवख्या वाचकास तोच सिद्धांत वाटावा. ह्यास स्थूणानिखनन न्याय म्हणतात. जमिनींत खांब रोवणारा मनुष्य तो हलवून हलवून पाहतो, तो उपटण्यासाठीं नव्हे. हलवून ठोकला म्हणजे खांब अधिक घट्ट बसतो. ज्या निबंधास कोणी हलवून पाहिलें नाहीं, त्याच्यावर छप्पर टाकण्याचें धाडस कोण करील?

निबंधाचा सांगाडा अधिकरणानें दिला; एकेक परिच्छेद कसा रचावा हें न्यायशास्त्र सांगतें. प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय व निगमन हे अनुमानाचे पांच अवयव. डोंगरावर अग्नि आहे, कारण तेथें धूर आहे. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर. हा डोंगरही तसाच धूरयुक्त आहे. म्हणून त्यावर अग्नि आहे. विद्यापीठांतील मुलांचे परिच्छेद तपासले, तर बहुधा चौथा अवयव गळालेला आढळतो. विद्यार्थी विधान करतो, कारण देतो, एखाद्या ग्रंथकाराचें वचन किंवा आंकड्यांचा तक्ता उतरून घेतो आणि पुढच्या परिच्छेदास लागतो. त्या तक्त्यावरून आपलें म्हणणें कसें सिद्ध झालें, हें सांगणारें वाक्य राहूनच जातें. स्वयंपाकघर दाखविलें, पण डोंगराकडे परत वळणें झालें नाहीं. 'माहिती पुष्कळ, म्हणणें कळत नाहीं' ह्या शेऱ्याचा उगम बहुतेक वेळां येथें असतो.

हे सर्व नियम एकत्र पाहावयाचे असतील, तर एका विद्यार्थ्याचाच निबंध वाचावा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गांत, ९ मे १९१६ रोजीं, भीमराव आंबेडकर ह्या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें हिंदुस्थानांतील जातींची यंत्रणा, उत्पत्ति व विकास ह्या विषयावर एक निबंध वाचला. मे १९१७ मध्यें तो 'इंडियन अँटिक्वेरी' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानें लिहिलेला हा निबंध आजही अभ्यासला जातो, तो त्यांतील माहितीच्या साठ्यामुळें नव्हे.

आरंभीं थोडी प्रस्तावना करून लेखक जातीच्या चार व्याख्या पुढें ठेवतो : फ्रेंच पंडित सेनार, नेसफील्ड, सर हर्बर्ट रिझ्ले आणि पुढें ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्रास परिचित झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या. एकेकींतील ग्राह्य अंश तो घेतो आणि दोष दाखवितो. नेसफील्ड यांनीं जातीबाहेर अन्नव्यवहार न करणें हें लक्षण मानलें. लेखक म्हणतो, हा परिणाम आहे, कारण नव्हे. केतकरांनीं जातीचा विचार जातिसंस्थेच्या संदर्भांत केला, ह्याबद्दल तो त्यांचा गौरव करतो; परंतु जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्मानें मिळणारें सभासदत्व हीं त्यांचीं दोन लक्षणें वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असें दाखवितो. चारही चाळणींतून एकच लक्षण उरतें : जातीअंतर्गत विवाह. सबंध निबंधाची प्रतिज्ञा ही.

येथून पुढें प्रत्येक पाऊल आधींच्या पावलांतून निघतें. गट बंद ठेवावयाचा, तर त्यांतील विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. पति वारला कीं स्त्री, आणि पत्नी वारली कीं पुरुष, त्या समतोलाच्या बाहेर पडतो. मग त्यांचें काय करावयाचें? सती, सक्तीचें वैधव्य आणि बालविवाह ह्या चाली त्या गरजेंतून उद्भवल्या, असें लेखकाचें उत्तर आहे. नंतर उत्पत्तीचा प्रश्न : प्रथम ब्राह्मणवर्गानें आपलीं दारें बंद केलीं, आणि इतरांनीं कांहीं अंशीं अनुकरणानें, तर कांहीं अंशीं बाहेर राहावें लागल्यामुळें तोच मार्ग धरला. जातिसंस्था मनूनें एकट्यानें निर्माण केली, हें सुलभ मत तो नाकारतो. त्यानें स्वतःचें काम सोपें झालें असतें, तरीही. अखेरीस आपले मुद्दे तो थोडक्यांत पुन्हा सांगतो आणि म्हणतो कीं, हा सिद्धांत कोणी चुकीचा ठरविल्यास तो सोडण्यास आपण तितकेच तयार आहों. ज्यास अस्पृश्यतेचा दाह शाळेंतल्या वयापासून सोसावा लागला, त्यानें ह्या विषयावर हेतूवांचून एकही विधान केलें नाहीं. बांधणीचें सामर्थ्य ह्याहून निराळें काय सांगावें?

ह्या निबंधांतून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे ऋण मान्य करण्याची रीति. ज्याचें मत, त्याचें नांव. अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या वैयाकरणांच्या परंपरेंतही पाणिनीनें शाकल्य, शाकटायन, गार्ग्य इत्यादि पूर्वाचार्यांचीं नांवें सूत्रांत घालण्यास मात्रा खर्च केल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ च्या नियमांत, दुसऱ्याच्या लेखनाशीं दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाहीं, आणि प्रबंधांत तें साठ टक्क्यांवर गेल्यास नोंदणी रद्द, असें ठरविलें. त्यावरून कांहीं विद्यार्थी दहा टक्के उचलण्याची मुभाच मिळाली असें समजतात, आणि शब्द फिरवून आंकडा खालीं आणण्यांत दिवस घालवितात. आतां तर मागतांच चार पानें लिहून देणारीं यंत्रें प्रत्येकाच्या खिशांत आहेत. त्यांचें लेखन नीटनेटकें असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्याच्या मनांत संशय उत्पन्नच झाला नाहीं, त्यानें मागून आणलेला निर्णय त्याचा होत नाहीं. समोर बसून कोणी दोन प्रश्न विचारले कीं तें उघडें पडतें.

लिहून झाल्यावर परीक्षा कशी करावी, हेंही सांगतों. ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्यासाठीं मीमांसक प्रथम उपक्रम आणि उपसंहार ताडून पाहतात. लोकमान्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त हीच कसोटी गीतेस लावली आहे. विद्यार्थ्यानें आपल्या निबंधाचे पहिला व शेवटचा परिच्छेद शेजारीं ठेवून वाचावे. पहिल्यांतील प्रश्नाचें उत्तर शेवटच्यांत नसेल, तर मध्यें वाट चुकली आहे. मग प्रत्येक परिच्छेदाचें केवळ पहिलें वाक्य क्रमानें वाचावें. त्या वाक्यांची सांखळी होत असेल, तर निबंध उभा आहे. जेथें कडी तुटते, तेथें एक परिच्छेद कमी आहे किंवा एक जास्त आहे.

तथापि हें शिक्षण केवळ विद्यापीठावर सोंपवून चालणार नाहीं. जेवतांना मुलीनें वडिलांच्या मताविरुद्ध कांहीं म्हटलें कीं 'मोठ्यांना उलट बोलूं नये' असें ज्या घरांत ऐकावें लागतें, त्या घरांतील मुलीची लेखणी पूर्वपक्षापाशीं अडखळणारच. वर सांगितलेला कोलंबियांतील निबंध मुलांबरोबर बसून वाचावा, अशी आमची सूचना आहे. त्यांतील वैधव्य आणि बालविवाह आपल्याच आज्या-पणज्यांनीं भोगलेले आहेत. वाचतांना मन चुळबुळेल, उत्तर देण्याची घाई होईल. तेव्हां थांबून त्यांतील एकेक पाऊल आधीं आपल्या शब्दांत, लेखकास मान्य होईल अशा रीतीनें, सांगून पाहावें. तें नीट सांगतां आलें, तर मगच स्वतःचें मत बोलावें. आणि पुढच्या वेळीं मूल निबंध लिहावयास बसलें, म्हणजे विषय कोणता मिळाला एवढ्यावर न थांबतां, 'तुझा संशय कोणता?' असेंही त्यास विचारावें.