शिकागो बेअर्सची मागची फळी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याने फेकलेला पास तोडणे, तो झेललाच तर झेलणाऱ्याला पाडणे आणि पुढची रांग भेदून निसटलेल्या खेळाडूला गाठणे, ही कामे डिफेन्सिव्ह बॅक करतात. आज त्यांना कॉर्नरबॅक आणि सेफ्टी म्हणून ओळखतात. व्यावसायिक फुटबॉलच्या पहिल्या काही दशकांत या जागांना महत्त्वच नव्हते, असे अनेक जण धरून चालतात. 1920 साली आजच्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’च्या स्थापनेपासून तिच्यात असलेल्या आणि 1922 पासून ‘शिकागो बेअर्स’ या नावाने खेळणाऱ्या संघाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

गैरसमज : बचावासाठी तेव्हाही वेगळे खेळाडू असत.

वस्तुस्थिती : तेच अकरा जण चढाईही करत आणि बचावही. कबड्डीत चढाई करून परतलेला खेळाडू लगेच पकडीसाठी उभा राहतो, तसेच हे होते. बाहेर गेलेल्या खेळाडूला त्याच क्वार्टरमध्ये परत येता येत नसे, त्यामुळे दर वेळी माणसे बदलणे शक्यच नव्हते. 1930 साली लीगने संघाची मर्यादाही 20 खेळाडूंची ठेवली होती. चढाईत चेंडू घेऊन धावणारे हाफबॅक, फुलबॅक आणि क्वार्टरबॅक चेंडू गेला की मागे सरकत आणि बचावाची मागची फळी सांभाळत. खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये मिळाली. ती कायमची झाली 1950 मध्ये. आजचा ‘फक्त बचाव करणारा’ खेळाडू खऱ्या अर्थाने तेव्हापासूनचा.

गैरसमज : पास फेकलेच जात नसत, म्हणून मागच्या फळीला काम नव्हते.

वस्तुस्थिती : पुढे पास फेकण्याला 1906 पासूनच परवानगी होती. तो आजच्यापेक्षा अवघड होता, एवढे खरे. चेंडू जाडजूड होता आणि 1932 पर्यंत फेकणाऱ्याला, जिथून डाव सुरू होतो त्या रेषेच्या किमान पाच यार्ड मागून फेकावे लागे. पण मागच्या फळीकडे आणखी एक मोठे काम होते. संघ चौथ्या डाऊनची, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाची, वाट न पाहता आधीच पंट मारून, म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवून, प्रतिस्पर्ध्याला त्याच्या टोकाकडे ढकलत. सर्वांत मागे उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातून तो चेंडू सुटला, तर सामना तिथेच फिरू शकत असे. बचाव किती कडवा होता, हे 1932 च्या बेअर्सकडे पाहिले की कळते. त्यांचे पहिले तीन सामने 0-0 असे बरोबरीत सुटले आणि चौथा त्यांनी 0-2 असा गमावला. म्हणजे चार सामन्यांत त्यांच्याविरुद्ध सहा गुणांचा एकही टचडाऊन झाला नाही आणि त्यांनाही एकही करता आला नाही.

गैरसमज : 1932 चे विजेतेपद बेअर्सना एका वादग्रस्त पासने मिळाले.

वस्तुस्थिती : ही अर्धीच गोष्ट आहे. 18 डिसेंबर 1932 रोजी पोर्ट्समथ स्पार्टन्सविरुद्धचा निर्णायक सामना कडाक्याच्या थंडीमुळे शिकागो स्टेडियममध्ये, छताखालच्या आखूड मैदानावर झाला. ब्रॉन्को नागर्स्कीने रेड ग्रेंजला दिलेल्या पासवर टचडाऊन झाला. नागर्स्की पाच यार्ड मागे नव्हता, अशी तक्रार पोर्ट्समथने केली. ती मान्य झाली नाही आणि बेअर्स 9-0 असे जिंकले. तोवर शून्यावर अडकलेल्या त्या सामन्यात ही संधी आली कुठून, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये बेअर्सच्या डिक नेस्बिटने एस गुटोव्स्कीचा पास मधल्या मध्ये पकडला आणि चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या सात यार्डांच्या रेषेपर्यंत नेला. त्या पासइतकेच श्रेय या बचावाला द्यायला हवे.

गैरसमज : रेड ग्रेंज म्हणजे फक्त वेगवान धावपटू.

वस्तुस्थिती : इलिनॉय विद्यापीठात नाव कमावून 1925 मध्ये बेअर्सकडे आलेल्या ग्रेंजने धावण्याच्या जोरावर व्यावसायिक फुटबॉलकडे गर्दी खेचली. पण 1927 मध्ये त्याचा गुडघा दुखावला आणि 1928 चा संपूर्ण हंगाम हुकला. 1929 मध्ये तो बेअर्सकडे परतला, तेव्हा पळता पळता झटकन दिशा बदलण्याची जुनी हातोटी उरली नव्हती. पुढची वर्षे त्याने गाजवली ती मोठ्या प्रमाणात बचावावर. 17 डिसेंबर 1933 रोजी रिग्ली फील्डवर अंतिम सामन्यात बेअर्स न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध 23-21 असे पुढे होते. अखेरच्या क्षणी रेड बॅजरोने पास झेलला. समोर होता ग्रेंज, आणि बॅजरोच्या जोडीला चेंडू घ्यायला मोकळा डेल बर्नेट. ग्रेंजने बॅजरोला पायांत धरले असते, तर पडता पडता त्याने चेंडू बर्नेटकडे सोपवला असता. म्हणून ग्रेंजने वरच झडप घातली आणि चेंडूसकट त्याचे हात कवटाळले. चेंडू सुटला नाही, वेळ संपली आणि विजेतेपद बेअर्सकडे राहिले.

गैरसमज : आकडे नाहीत, म्हणजे कामगिरीही नव्हती.

वस्तुस्थिती : लीगची अधिकृत आकडेवारी 1932 मध्ये सुरू झाली, पण कोणी किती पास मधल्या मध्ये पकडले, याची अधिकृत नोंद 1940 पासूनच मिळते. नेस्बिटचा तो झेल किंवा ग्रेंजची ती पकड यांना विक्रमांच्या तक्त्यात जागाच नव्हती. धावलेले यार्ड आणि टचडाऊन तेवढे मोजले गेले, आणि नावेही ते करणाऱ्यांचीच उरली.

गैरसमज : बचावाचे सगळे मोठे विक्रम अलीकडचे आहेत.

वस्तुस्थिती : 1933 मध्ये रेषेच्या मागून कुठूनही पास फेकायची मुभा मिळाली आणि 1934 मध्ये चेंडू आणखी निमुळता झाला. पास वाढले, तशी मागच्या फळीची जबाबदारीही वाढली. लॉस एंजेलिस रॅम्सच्या डिक ‘नाइट ट्रेन’ लेनने 1952 मध्ये, आपल्या पहिल्याच हंगामात, 12 सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचे 14 पास मधल्या मध्ये पकडले. आज हंगाम 17 सामन्यांचा आहे, तरीही एका हंगामातला हा विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही.