कोरियन गायकाचा परदेश दौरा रद्द होतो तेव्हा

परांडा तालुक्यातल्या सोनारीत काळभैरवनाथाची चैत्रातली यात्रा पंचांगावर ठरते. ती कुणी रद्द करील, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे राज्यातल्या यात्रा बंद राहिल्या, सोनारीचीही राहिली, तेव्हा ठरलेली तारीख मोडणं म्हणजे काय हे जुन्या पिढीला पहिल्यांदा कळलं. याच धाराशिव जिल्ह्यातली नवी पिढी मात्र वेगळ्या तारखा पाठ करते. सोलच्या अमुक गायकाचा दौरा कधी, कोणत्या शहरात, तिकिटं कधी सुटणार, हे तिला शाळेच्या वेळापत्रकाइतकं नीट माहीत असतं. असा दौरा रद्द झाला की पोरगी जेवत नाही आणि घरच्यांना कळत नाही की झालं काय. हा लेख दोघांसाठी आहे.

उमरग्याच्या तीन मुली

हा विषय मुंबई-पुण्याचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी डिसेंबर २०२४ आठवावा. धाराशिव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उमरगा तालुक्यात, तीन मुलींचं अपहरण झाल्याचा फोन पोलिसांना आला. फोन कुठून आला याचा माग काढला, तेव्हा तो उमरग्याहून पुण्याकडे निघालेल्या एसटीतल्या एका प्रवासी बाईंचा निघाला. सोलापूर जिल्ह्यात मोहोळला मुलींना त्याच एसटीतून उतरवून घेतलं. एक अकरा वर्षांची, दोघी तेरा वर्षांच्या. अपहरण झालंच नव्हतं. पुण्यात काम करून पैसे साठवायचे आणि कोरियाला जाऊन बीटीएस या गटाला भेटायचं, असा त्यांचा बेत होता.

बातमीवर लोक हसले. मला ती हसण्यासारखी वाटत नाही. या मुलींनी प्रवासाचा विचार केला होता, खर्चाचा केला होता, कष्ट करायची तयारी ठेवली होती. त्यांच्याजवळ नव्हती ती फक्त माहिती. त्या निघाल्या त्या आठवड्यात बीटीएसच्या सात जणांपैकी पाच जण सक्तीच्या लष्करी सेवेत होते. जिन जून २०२४ मध्ये आणि जे-होप ऑक्टोबरमध्ये परतला होता. बाकीचे सुटले ते जून २०२५ मध्ये. म्हणजे सोलला पोचल्या असत्या, तरी ज्यांच्यासाठी घर सोडलं त्यातले बहुतेक भेटलेच नसते. एवढी एक गोष्ट घरात किंवा शाळेत कुणी सांगितली असती, तर कदाचित ती एसटी त्यांनी पकडली नसती.

दौरा ठरतो कसा

गायक स्वतः दौरा काढत नाही. त्याची कंपनी तारखा काढते आणि प्रत्येक देशातल्या स्थानिक आयोजकाशी करार करते. मानधनाचा मोठा हिस्सा आयोजक आगाऊ देतो. मैदान, पोलीस आणि अग्निशमन दलाच्या परवानग्या, ध्वनिमर्यादा, हॉटेल, तिकीटविक्री हे सगळं त्याच्या गळ्यात असतं. व्यवहाराचा हा गाभा आपल्याकडे ओळखीचा आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, सुपारी ठरते, विसार दिला जातो. कोरियन दौऱ्यात हेच वकिलांच्या भाषेत आणि डॉलरमध्ये होतं.

सुपारी फिरली तर काय होतं, तेही नारायणगावनं पाहिलं आहे. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभराची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. वर्षाची कमाई ज्या चार आठवड्यांवर अवलंबून, तेच हातचे गेले. कलावंतांना दिलेली उचल फडमालकाच्या अंगावर आणि मालकानं काढलेलं कर्ज त्याच्या डोक्यावर राहिलं.

मोठ्या दौऱ्यात आणखी एक गुंता असतो. रंगमंचाची सामग्री, दिवे, पडदे एका शहरातून दुसऱ्या शहरात जातात आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च सगळ्या शहरांवर वाटलेला असतो. मधलं एक शहर गळालं की उरलेल्यांचा हिशेब चढतो. म्हणून कधी कधी एका देशातली अडचण बाकीच्या देशांतले कार्यक्रम घेऊन बुडते.

रद्द का होतो

तब्येत हे पहिलं कारण, आणि एकट्यानं गाणाऱ्याच्या बाबतीत ते फार मोठं. गटातला एक जण आजारी पडला तर बाकीचे निभावून नेतात. नोव्हेंबर २०२० मध्ये बीटीएसच्या शुगाच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि उरलेल्या सहांनी कार्यक्रम चालू ठेवले. एकल गायकाला अशी सोय नाही. त्याचा घसा बसला की मैफल बसली. भारतानं हे जस्टिन बीबरच्या निमित्तानं अनुभवलं. कॅनडाचा हा गायक मे २०१७ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर गाऊन गेला होता. १८ ऑक्टोबर २०२२ ला तो दिल्लीत येणार होता, पण जूनमध्ये त्याच्या चेहऱ्याच्या स्नायूंना लकवा आला, निदान झालं रॅमसे हंट सिंड्रोमचं, आणि सप्टेंबरात त्यानं दौरा थांबवला. दिल्लीचा कार्यक्रम झालाच नाही.

लष्करी सेवा हे खास कोरियाचं कारण. तिथल्या धडधाकट तरुणाला साधारण दीड वर्ष ती करावीच लागते. नामवंत पॉप कलाकारांना वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत ती पुढे ढकलण्याची मुभा देणारा बदल डिसेंबर २०२० मध्ये झाला. माफी मात्र मिळाली नाही. त्यामुळे मुलग्यांच्या कारकिर्दीत एक मोठी सुट्टी येणार, हे चाहत्यांनी धरूनच चालावं.

राजकारण हे सगळ्यांत जिव्हारी लागणारं कारण, कारण त्यात गायकाचा काही दोष नसतो. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियानं अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं जाहीर केलं आणि चीन बिथरला. कोणताही लेखी आदेश न दाखवता कोरियन कलाकारांना चीनचे दरवाजे बंद होऊ लागले. पॉप गायकांपुरतंच हे राहिलं नाही. जगभर नावाजलेली सोप्रानो गायिका सुमी जो हिचा ग्वांगझू, बीजिंग आणि शांघायचा दौरा जानेवारी २०१७ मध्ये रद्द झाला; दोन वर्षं आधी आमंत्रण मिळालेलं असूनही कारण कळवलं गेलं नाही, असं तिनं जाहीरपणे सांगितलं. पियानोवादक पैक कुन-वू याच्या वाट्यालाही त्याच सुमारास तेच आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीन आणि जपान यांच्यात बिनसलं, तेव्हा जपानी गायिका आयुमी हामासाकी हिचा शांघायचा कार्यक्रम आदल्या दिवशी रद्द झाला. मंच उभा होता, माणसं राबलेली होती. ती चौदा हजार रिकाम्या खुर्च्यांसमोर पूर्ण कार्यक्रम गायली. कलाकार कशाला म्हणायचं, याचं मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

राहतं चौथं कारण, जे पत्रकात कधी लिहिलं जात नाही: तिकिटं खपली नाहीत, किंवा आयोजकानं हप्ता वेळेवर दिला नाही. ‘अपरिहार्य कारणास्तव’ एवढंच लिहिलेलं असेल तर अंदाज बांधत बसू नये आणि गायकावर राग काढू नये. खरं कारण करार करणाऱ्या दोघांनाच माहीत असतं.

लांबला की मोडला?

बीटीएसचा ‘मॅप ऑफ द सोल’ दौरा एप्रिल २०२० मध्ये सोलहून सुरू व्हायचा होता. सोलचे चार कार्यक्रम फेब्रुवारीअखेरीसच रद्द झाले, बाकीचा दौरा ‘पुढे ढकलला’ असं सांगण्यात आलं. तो पूर्ण रद्द झाल्याची घोषणा आली ऑगस्ट २०२१ मध्ये. मधला जवळजवळ दीड वर्षाचा काळ चाहते आशेवर राहिले आणि अनेकांचे पैसे अडकून पडले. म्हणून कार्यक्रम लांबल्याची सूचना आली, की नवी तारीख आणि परताव्याची मुदत या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत का ते आधी पाहावं. मुदत दिलेली असेल आणि जाणं नक्की नसेल, तर पैसे परत घेतलेले बरे.

कोणते पैसे परत येतात

अधिकृत संकेतस्थळावर काढलेल्या तिकिटाची रक्कम कार्यक्रम रद्द झाल्यावर परत येते, आणि ज्या खात्यातून किंवा कार्डावरून गेली तिथेच येते. इथेच दुसऱ्याकडून तिकीट घेतलेला माणूस फसतो. परतावा मूळ खरेदीदाराच्या खात्यात जातो आणि काळ्या बाजारात मोजलेले जादा पैसे कुणीच देत नाही. कोल्डप्लेच्या जानेवारी २०२५ च्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं सप्टेंबर २०२४ मध्ये सुटली, तेव्हा हा बाजार किती फोफावला आहे हे सगळ्यांनी पाहिलं.

सुविधा शुल्क परत मिळेल की नाही हे अटींमध्ये लिहिलेलं असतं. अटी वाचूनच पैसे भरावेत. चाहता-सभासदत्वाची फी सहसा परत येत नाही. विमान, हॉटेल आणि व्हिसाचं शुल्क यांच्याशी आयोजकाचा संबंध नसतो. कोरियाला जायला भारतीयांना व्हिसा लागतो, अर्ज नाकारला गेला किंवा बेत मोडला तरी शुल्क परत मिळत नाही. म्हणून परदेशातल्या मैफलीसाठी निघणाऱ्यानं रद्द करता येतील अशीच तिकिटं आणि खोल्या घ्याव्यात, थोडे जादा पैसे पडले तरी.

भारतातला आयोजक पैसे देत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूनं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिकिटाचा ई-मेल, बँकेचा संदेश आणि कार्यक्रम रद्द झाल्याची सूचना या तिन्ही गोष्टी जपून ठेवाव्यात. ‘परतावा मिळवून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठगाचाच समजावा.

घरातल्यांसाठी

दौरा रद्द झाल्यावर मूल रडलं तर ‘त्या कोरियन पोरानं तुला काय दिलंय’ असं विचारू नका. दुसऱ्याच्या गाण्यावर जीव लावणं ही लाजेची गोष्ट नाही. आपल्याकडे लोकांनी लावणीसाठी, भजनासाठी आणि शाहिरांसाठी रात्री जागवल्या आहेत. तारीख का मोडली, पैसे कधी येतील, पुढे काय, हे मुलाबरोबर बसून वाचा. सज्ञान होईपर्यंत पासपोर्टसाठी आईवडिलांची संमती लागते, हेही त्याच बैठकीत सांगून टाका. कार्यक्रम आज ना उद्या जवळ येण्याची शक्यता आहे: बीटीएसची कंपनी हाइब हिनं सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत आपलं कार्यालय सुरू केलं आहे.

आणि मुलींनो, मुलांनो, तुमच्यासाठी एवढंच: जायचं असेल तर घरात सांगून, तिकीट हातात घेऊन, मोठ्या माणसाबरोबर जा. वाटेत कधी अडकलात, घाबरलात, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फुकट लागतो. तो आजच लिहून ठेवा.