पाण्याची तपासणी आणि वर्णपटमापकाची आज्ञावली

ग्रामपंचायतीच्या हाती पडणारा पाणी तपासणीचा अहवाल बहुधा एका पानाचा असतो. त्यातील एका आकड्यावरून हातपंप चालू ठेवावयाचा की त्याला लाल रंग देऊन पिण्यासाठी बंद करावयाचा, हे ठरते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे जखडतात. अशा गावी अहवालातील दशांशचिन्हाला किती मोल आहे, हे वेगळे सांगावयास नको.

हा आकडा आज बहुतांशी वर्णपटमापक यंत्रास जोडलेल्या संगणकातून येतो. प्रयोगशाळेत या यंत्रास स्पेक्ट्रोफोटोमीटर असेच म्हणतात. यंत्र प्रकाश मोजते. त्या मोजणीचे मिलिग्रॅममध्ये रूपांतर करते ती संगणकातील आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर. तिला योग्य माहिती दिली तर ती क्षणार्धात अचूक उत्तर देते. परंतु चुकीची माहिती दिली तरीही ती तितक्याच तत्परतेने, तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देते. म्हणून या आज्ञावलीचे काम कसे चालते आणि ते कोठे अडते, याची ओळख प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांप्रमाणेच अहवालावर निर्णय घेणाऱ्यांनाही असणे अगत्याचे आहे.

प्रकाशाकडून आकड्याकडे

पदार्थाची ओळख त्याच्या वर्णपटावरून पटवता येते, हे बुन्सेन आणि किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९-६० च्या सुमारास दाखवून दिले. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी ब्रिटिश ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर यांनी कोकणातील विजयदुर्ग येथे तळ देऊन सूर्याच्या वर्णपटाचे निरीक्षण केले होते. त्या काळी निरीक्षकाचा डोळा किंवा छायाचित्रणाची काच थेट प्रकाशासमोर असे. आता प्रकाश आणि निरीक्षक यांच्यामध्ये विद्युत् संवेदक आणि आज्ञावली उभी आहे, एवढाच फरक.

मूळ तत्त्व मात्र शाळेतही दाखवता येण्याजोगे आहे. पोटॅशियम परमँगनेटचे फिके व गडद द्रावण दोन सारख्या पेल्यांत घेऊन उजेडासमोर धरल्यास गडद द्रावणातून कमी प्रकाश पलीकडे जातो. अडलेल्या प्रकाशाचे माप म्हणजे शोषणांक. शोषणांक १ असेल तर प्रकाशाचा दहावा हिस्सा पार जातो, २ असेल तर शंभरावा. ठरावीक मर्यादेत शोषणांक हा विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणात वाढतो. लॅम्बर्ट आणि बेअर यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या नियमावर सारी तपासणी उभी आहे.

प्रथम ज्ञात प्रमाणाची चार-पाच द्रावणे तयार करून त्यांचे शोषणांक घेतले जातात. त्यांवरून आज्ञावली एक रेषा काढते. तिला प्रमाणरेषा म्हणावे. त्यानंतर गावाहून आलेल्या नमुन्याचा शोषणांक त्या रेषेवर ताडून प्रमाण सांगितले जाते. फ्लोराइडसाठी ५७० नॅनोमीटर, लोहासाठी ५१० नॅनोमीटर, तर नायट्रेटसाठी अतिनील पट्ट्यातील २२० नॅनोमीटर ही तरंगलांबी प्रचलित पद्धतींत वापरली जाते.

फ्लोराइडचे उदाहरण

फ्लोराइडच्या स्पॅडन्स पद्धतीत एक बाब इतरांहून निराळी आहे. झिर्कोनियम आणि स्पॅडन्स हे रंगद्रव्य यांच्या लाल संयुगाचा रंग फ्लोराइडमुळे फिका होतो. अर्थात फ्लोराइड जितके अधिक, तितका शोषणांक कमी. म्हणून येथील प्रमाणरेषा वर चढत नाही, खाली उतरते आणि शून्यबिंदूतून जात नाही. कित्येक आज्ञावल्यांत ‘रेषा शून्यातून न्यावी’ असा पर्याय असतो. लोहाच्या तपासणीसाठी निवडलेला हा पर्याय फ्लोराइडच्या वेळी तसाच राहिला, तर सारे निष्कर्ष बिघडतात. यासाठी प्रत्येक घटकाची पद्धत स्वतंत्र नावाने जतन करणे आणि काम सुरू करण्यापूर्वी तिचे सर्व रकाने एकदा वाचणे हितावह होय.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १.० मिलिग्रॅम प्रतिलिटर असून, अन्य स्रोत उपलब्ध नसल्यास १.५ पर्यंत ते चालते. मात्र स्पॅडन्स पद्धतीची रेषा सुमारे १.४ पर्यंतच विश्वसनीय असते. ज्या पाण्याबद्दल खरी चिंता करावयाची, तेच पाणी रेषेच्या बाहेर जाते. अशा वेळी नमुन्यात ऊर्ध्वपातित पाणी मिसळून तो विरल करावा लागतो आणि कितीपट विरल केला, तो गुणक आज्ञावलीस सांगावा लागतो.

समजा, एका हातपंपाच्या १० मिलिलिटर नमुन्याचे ५० मिलिलिटर केले. गुणक झाला ५. रेषेवरून प्रमाण आले ०.५६. खरे प्रमाण ०.५६ गुणिले ५, म्हणजे २.८ मिलिग्रॅम. गुणकाचा रकाना १ वरच राहिला, तर अहवालात ०.५६ छापून येईल आणि घातक पाणी पिण्यास योग्य ठरेल. याच्या उलट, आधीच्या नमुन्याचा ५ हा गुणक पुढील नमुन्यास चिकटून राहिला, तर ०.५ चे निर्दोष पाणी २.५ चे ठरून चांगला हातपंप बंद होईल. यंत्र बिघडलेले नाही, रसायन बिघडलेले नाही, आज्ञावलीही सांगितले तेच करते आहे. तरी गावाचे नुकसान व्हावयाचे ते होतेच.

नायट्रेट आणि एककांचा घोटाळा

नायट्रेटच्या बाबतीत असाच घोटाळा एककांमुळे होतो. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर असून तीत सवलत नाही. अधिक नायट्रेटचे पाणी विशेषतः तान्ह्या बालकांस अपायकारक असते. पण बाजारात मिळणारी काही प्रमाण द्रावणे ‘नायट्रेट’ म्हणून नव्हे, तर ‘नायट्रेटमधील नायट्रोजन’ म्हणून मोजलेली असतात. १ मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे ४.४३ मिलिग्रॅम नायट्रेट. एखाद्या विहिरीचे प्रमाण नायट्रोजन म्हणून १२ आले आणि अहवालात केवळ ‘नायट्रेट १२’ असे लिहिले गेले, तर ते ४५ च्या कितीतरी आत दिसेल. प्रत्यक्षात ते सुमारे ५३ असते.

याच तपासणीत आणखी दोन दक्षता घ्याव्या लागतात. अतिनील प्रकाश साध्या काचेतून जात नसल्याने नमुना क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये घ्यावा लागतो. तसेच पाण्यातील सेंद्रिय द्रव्येही २२० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात. म्हणून २७५ नॅनोमीटरला दुसरे वाचन घेऊन त्याची दुप्पट पहिल्या वाचनातून वजा करतात. ही वजाबाकी आज्ञावलीच्या सूत्रात खरोखर अंतर्भूत आहे काय, हे एकदा कागदावर हिशेब करून ताडून पाहिले पाहिजे.

बिघाड शोधण्याचा क्रम

वाचन विचित्र आले किंवा यंत्र चालेनासे झाले की पुष्कळदा दोष थेट आज्ञावलीवर येतो आणि ती पुन्हा बसवण्याची घाई होते. त्यात जतन केलेल्या पद्धती व जुन्या नोंदी गमावण्याचा धोका असतो. त्यापेक्षा साध्या कारणांपासून अवघड कारणांकडे जाणे श्रेयस्कर.

पहिली पायरी नमुन्याची. क्युव्हेटवर बोटांचे ठसे, आत हवेचे बुडबुडे किंवा पाण्यात गढूळपणा असल्यास शोषणांक वाढतो. क्युव्हेटची पारदर्शक बाजू प्रकाशमार्गाकडे नसली तरी वाचन निरर्थक ठरते.

दुसरी पायरी प्रकाशाची. दृश्य पट्ट्यासाठी टंगस्टन-हॅलोजन आणि अतिनील पट्ट्यासाठी ड्युटेरियम असे दोन दिवे सामान्यतः असतात. यंत्र सुरू केल्यावर सुमारे अर्धा तास दिवे स्थिर होऊ द्यावेत. ‘ऊर्जा अपुरी’ अशी सूचना केवळ अतिनील पट्ट्यात येत असेल, तर ड्युटेरियम दिव्याचे आयुष्य संपत आले आहे काय ते प्रथम पाहावे. दिवा किती तास जळला, याची नोंद पुष्कळ आज्ञावल्या ठेवतात. सुरुवातीच्या स्वयंचाचणीतच यंत्र अडत असेल, तर झाकण उघडे आहे किंवा आदल्या दिवशीची क्युव्हेट आत राहिली आहे, अशी शक्यता असते. तरंगलांबी बरोबर आहे की नाही, हे होल्मियमच्या काचेने पडताळता येते. तिचे शोषण ३६१ नॅनोमीटरसारख्या ठरावीक ठिकाणी उंचावते. ते अन्यत्र दिसू लागल्यास यंत्राची दुरुस्ती हवी, आज्ञावलीची नव्हे.

तिसरी पायरी जोडणीची. ‘यंत्र सापडत नाही’ अशी सूचना आल्यास तार, तिचे टोक आणि संगणकातील पोर्ट तपासावे. जुन्या यंत्रांची तार परिवर्तकामार्फत यूएसबी खाचेत बसवलेली असते. ती दुसऱ्या खाचेत लावली की पोर्टचा क्रमांक बदलू शकतो आणि आज्ञावली मात्र जुन्याच क्रमांकावर यंत्राचा शोध घेत राहते. संगणक वीज वाचवण्यासाठी निद्रावस्थेत गेल्यासही जोडणी तुटते. प्रदीर्घ काम चालू असताना ही सोय बंद ठेवावी. वीजपुरवठा खंडित होण्याचा संभव असेल तेथे यंत्र आणि संगणक दोन्ही यूपीएसवर असावेत. एकच असून भागत नाही.

चौथी पायरी संगणकाची. विंडोज ७ या प्रणालीचे सुरक्षा साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी संपले. तरीही एखादी जुनी आज्ञावली केवळ तशाच प्रणालीवर चालत असेल, तर तो संगणक इंटरनेटपासून अलग ठेवून तपासणीपुरताच वापरावा. जुन्या संगणकातील लहान बॅटरी संपली की दिनांक अनेक वर्षे मागे जातो आणि त्या दिवशीचे सारे निष्कर्ष चुकीच्या दिनांकाने जतन होतात. म्हणून सकाळी प्रथम दिनांक पाहणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

या चारही पायऱ्या निर्दोष आढळल्यावरच आज्ञावलीकडे वळावे. तेव्हाही जतन केलेल्या पद्धती आणि मूळ वाचनांची प्रत प्रथम अन्यत्र काढून घ्यावी.

विश्वासाची कसोटी

प्रमाणरेषा सरळ आली, सहसंबंध गुणांक ०.९९९ आला, म्हणजे सर्व ठीक, असा समज रूढ आहे. तो पुरता खरा नाही. सर्व प्रमाण द्रावणे एकाच मूळ द्रावणापासून बनवलेली असतात. मूळ द्रावणच चुकीच्या प्रमाणाचे असेल, तर रेषा सरळच येते. मात्र चुकीच्या जागी. यावर उपाय असा की, वेगळ्या ठिकाणाहून मिळवलेले ज्ञात प्रमाणाचे पडताळणी द्रावण रेषा काढल्यानंतर आणि पुढे दर दहा-वीस नमुन्यांनंतर वाचावे. १.० मिलिग्रॅमच्या द्रावणाचे वाचन दहा टक्क्यांहून अधिक ढळल्यास काम थांबवून, आधीच्या योग्य पडताळणीनंतरचे सर्व नमुने पुन्हा तपासावेत.

प्रयोगशाळांच्या क्षमतेविषयीचे आयएसओ-आयईसी १७०२५ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१७ मध्ये सुधारण्यात आले. संगणकीय गणिते आणि माहितीचे हस्तांतरण पद्धतशीरपणे तपासले जावे, अशी त्यात स्पष्ट अपेक्षा आहे. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र प्रवेशनाम असणे, मूळ वाचने न पुसणे आणि दुरुस्ती केल्यास तिचे कारण नोंदवणे या गोष्टी त्याच हेतूने सांगितल्या जातात. एकच सांकेतिक शब्द सर्वांनी वापरल्यास चूक कोठे झाली, हे शोधण्याचा मार्गच बंद होतो.

गावाने काय विचारावे

जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाल्यापासून पाण्याच्या गुणवत्तेकडे गावपातळीवर अधिक लक्ष दिले जाऊ लागले आहे. जलसुरक्षक नमुना घेतो, प्रयोगशाळा तो तपासते आणि निर्णय ग्रामपंचायतीपुढे येतो. या साखळीत अहवाल वाचणाऱ्यानेही काही साधे प्रश्न विचारावेत. नमुना विरल केला होता काय आणि गुणक धरला आहे काय? नायट्रेट कोणत्या एककात दिले आहे? त्या दिवशीच्या पडताळणी द्रावणाचे वाचन किती आले? त्याच स्रोताचा मागील निष्कर्ष काय होता, आणि त्यात मोठी तफावत असेल तर नमुना पुन्हा तपासला काय? विज्ञान शिक्षकाने मागील काही वर्षांचे निष्कर्ष एका वहीत क्रमाने मांडून ठेवले, तर अशी तफावत चटकन नजरेस येते.

हे प्रश्न अविश्वासाचे नव्हेत. ज्या प्रयोगशाळेत त्यांची उत्तरे नोंदवहीत लिहिलेली असतात, तिला ते विचारले गेल्याचा आनंदच होईल. आज्ञावलीने हिशेबाचे श्रम वाचवले आहेत. वाचलेल्या त्या वेळातील थोडा वेळ आकडा पडताळण्यासाठी दिला, तर हातपंपावर घागर भरणाऱ्या कुटुंबास त्या अहवालाचा खरा आधार वाटेल.