पोलनाब्रोनची शिलासमाधी

आयर्लंडच्या पश्चिमेस, क्लेअर परगण्यात, ‘बरन’ नावाचे एक उंच पठार आहे. तेथे पायाखाली माती थोडी आणि दूरवर पसरलेला राखी चुनखडकच फार. पावसाच्या पाण्याने तो झिजून त्यात खोल भेगा पडल्या आहेत. या उघड्या खडकावर दाराच्या बाह्यांसारख्या दोन शिळा उभ्या असून त्यांनी, मागील शिळांच्या आधाराने, सुमारे चार मीटर लांबीची एक तिरपी छतशिळा तोलून धरली आहे. हीच पोलनाब्रोनची शिलासमाधी. या नावाचा अर्थ ‘दुःखाचा खड्डा’ असा पुष्कळदा सांगतात. परंतु मूळ आयरिश शब्द धान्य दळण्याच्या जात्याचा असावा, असे जाणकारांचे मत आहे.

आपल्याकडे नागपूरजवळ जुनापाणी येथे शिलावर्तुळे आहेत, त्यांची येथे आठवण होणे साहजिक आहे. तथापि ती लोहयुगातील, म्हणजे हिच्याहून निदान दोन हजार वर्षांनी अलीकडची. दोहोंत नाते जोडण्यास आधार नाही.

एवढ्या शिळा कशा उचलल्या, असे आपण प्रथम विचारतो. पण त्या कोणासाठी उचलल्या, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. त्याचे उत्तर एका अपघाताने हाती आले. दाराच्या एका शिळेला तडा गेल्याचे 1985 साली आढळले. ती बदलणे भाग पडले आणि त्या निमित्ताने 1986 व 1988 साली अ‍ॅन लिंच यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. आम्लधर्मी मातीत हाडे विरघळून जातात. येथे मात्र चुनखडकाच्या भेगांत ती टिकून राहिली होती.

ती हाडे निदान 36 माणसांची निघाली. त्यांत स्त्रिया होत्या, पुरुष होते, मुलेही होती. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे 3800 ते 3200. हे लोक शेतकरी होते. अनेकांच्या मानेचे व खांद्यांचे सांधे ओझी वाहून झिजले होते. एका पुरुषाच्या कमरेच्या हाडात बाणाचे टोक रुतलेले होते आणि ती जखम भरून आलेली नव्हती.

आता थोडा हिशेब करू. सहाशे वर्षांत 36 माणसे, म्हणजे सरासरीने सोळा-सतरा वर्षांत एक! गावात मरण पावणाऱ्या प्रत्येकाला येथे जागा मिळत नव्हती, हे उघड आहे. निवड होत होती.

या निवडीवर 2020 साली नवा प्रकाश पडला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी येथील हाडांतील आनुवंशिक द्रव्य तपासले. त्यांत एका तान्ह्या मुलाच्या एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती आढळल्या. आज आपण ज्यास डाउन सिंड्रोम म्हणतो, तोच हा प्रकार. हाडांच्या रासायनिक तपासणीवरून त्या मुलास आईचे दूध मिळत होते, असे दिसते. त्याच्या आप्तांच्या मनात काय होते, हे हाडे सांगू शकत नाहीत. परंतु सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी वेगळे जन्मलेले हे मूल कोणी टाकून दिले नाही. त्यास दूध पाजले आणि मोजक्यांनाच मिळणाऱ्या जागी ठेवले, एवढे निश्चित म्हणता येते. प्राचीन समाज दुबळ्यांविषयी निष्ठुरच असत, असे सरसकट बोलण्यापूर्वी या मुलाची आठवण ठेवली पाहिजे.

पुढे समाधी वापरातून गेली. त्यानंतर सुमारे दीड हजार वर्षांनी, कांस्ययुगात, कोणीतरी पुन्हा तेथे आले आणि एक नवजात अर्भक तिच्या दाराशी पुरून गेले.