पंचवीस किलोमीटरचा विमानप्रवास

किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन शेजारी देशांच्या राजधान्या आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसल्या आहेत. रोम-व्हॅटिकनची जोडी सोडली, तर जगात इतक्या जवळ राजधान्या नाहीत. समोरच्या देशातल्या इमारती साध्या डोळ्यांनी दिसतात. आणि तरीही यांच्यामध्ये वेळोवेळी चक्क प्रवासी जेट विमानं उडत आली आहेत!

दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर आहे सुमारे 25 किलोमीटर. सीएसएमटीहून ठाण्याला जाणारी लोकल याहून जास्त धावते. कमी उंचीवर जेट विमान ताशी साडेचारशे किलोमीटरने गेलं, तरी हे अंतर साडेतीन मिनिटांत संपायला हवं. पण संपत नाही, कारण अंतर मोजणारी सरळ रेषा धावपट्टीला विचारून आखलेली नसते. इथे दोन्हीकडच्या धावपट्ट्या साधारण नैर्ऋत्य-ईशान्य आहेत आणि जायचं आहे ते त्यांना जवळपास काटकोनात. म्हणजे विमानाने आधी भलत्याच दिशेला उडायचं, मग वळायचं, नदी ओलांडायची आणि पुन्हा वळून उतरायला रांगेत यायचं. एरवी दहा-अकरा किलोमीटर उंची गाठणाऱ्या विमानाला इथे धड वर जायलाही सवड नाही.

तुलनेला लांबचा प्रवास घ्या: कैरो ते जोहान्सबर्ग हे सुमारे 6,200 किलोमीटर अंतर विमान साधारण आठ तासांत कापतं. तिथे चढण्या-उतरण्याची, जमिनीवर रांगण्याची मिनिटं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. इथे मात्र प्रवास म्हणजे तीच मिनिटं. त्यात तपासणीच्या रांगा धरल्या, तर घाटावरून सुटणारी वेगवान बोट विमानाला सहज हरवते.

पण दोन राजधान्या एकमेकींना इतक्या खेटून वसल्याच कशा? याचं उत्तर नदीच्या पाण्यात आहे. शहरांच्या वरच्या अंगाला काँगो फुगून तळ्यासारखी पसरते. या भागाला मालेबो पूल म्हणतात (इथे ‘पूल’ म्हणजे तळं, सेतू नव्हे). तिथून वर शेकडो किलोमीटर जहाजं चालतात. खाली मात्र लिव्हिंगस्टन धबधब्यांची रांग सुरू होते आणि समुद्राकडे जाणारी जलवाट तुटते. 1880च्या सुमारास आलेल्या युरोपीय सत्तांना जिथे जहाज थांबतं तिथेच ठाणं हवं होतं. उजव्या काठावर फ्रेंचांसाठी द ब्राझा या शोधप्रवाशाने, तर डाव्या काठावर बेल्जियमच्या राजासाठी स्टॅन्ली या शोधप्रवाशाने तसं ठाणं उभारलं. पुढे धबधबे टाळून समुद्र गाठायला बेल्जियनांनी 1898मध्ये मातादीचा लोहमार्ग पुरा केला, तर फ्रेंचांनी 1934मध्ये आपल्या बाजूने वेगळा. एकाच अडथळ्याला वळसा घालणारे दोन लोहमार्ग! दुसऱ्यासाठी तर हजारो आफ्रिकी मजुरांचा बळी गेला. साम्राज्यांच्या हट्टाची किंमत कोण मोजतं, ते वेगळं सांगायला नको.

दोन्ही राजधान्यांना जोडणारा पूल मात्र आजवर झालेला नाही. रस्ता आणि रेल्वे असा दुहेरी पूल बांधायचं ठरलं आहे. लांबी दीड किलोमीटरहून थोडी जास्त. त्यासाठी निवडलेली जागा दोन्ही शहरांपासून साठेक किलोमीटर वर, मालुकूजवळ आहे. म्हणजे पूल झाला, की पंचवीस किलोमीटरचं हे अंतर रस्त्याने शंभराच्या पुढे जाईल.