जुना संगणक, नवी प्रणाली

सोलापुरांत मुलांच्या अभ्यासाचा नि चादरींच्या हिशेबाचा संगणक पुष्कळ घरीं एकच, आणि तोही जुना. त्यावरील ‘विंडोज १०’ची नेहमींची देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. ‘विंडोज ११’ला निदान ४ गीगाबाइट रॅम व डिस्कवर ६४ गीगाबाइट जागा लागते, ती बहुधा वाढवितां येते. खरी अडचण प्रोसेसरची! इंटेलचा ८ व्या पिढीपूर्वींचा प्रोसेसर तिला सहसा मान्य नाहीं. टीपीएम २.० ही सुरक्षा-योजना मात्र कित्येकदां यंत्रांत असूनही बंद असते. ती बायोसमध्यें चालू करून पाहावी, मगच दुकानदाराचें ऐकावें. प्रोसेसरच जुना निघाला, तरी यंत्र भंगारांत देण्याची घाई कशाला? लिनक्स मिंट त्यावर बहुधा सुखानें चालते. छायाचित्रें नि हिशेब अन्यत्र उतरवून, प्रिंटर व मराठी टंकलेखन आधीं पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावें.